जिंकणारा स्पार्टाकस कुठे गेला?

मागच्या महिन्यात भाचा सुट्टीला घरी आला होता. म्हटलं बस, तुला खरा पिक्चर दाखवतो, आणि रोमविरुद्ध बंड करणाऱ्या गुलामांच्या पुढाऱ्यावरचा १९६० चा 'स्पार्टाकस' लावला. सव्वातीन तासांचं प्रकरण आहे, सुरुवातीला पडदा काळा ठेवून नुसतं म्युझिक वाजतं, मध्ये इंटरव्हलचंही म्युझिक आहे, मला वाटलं हा अर्ध्या तासात मोबाईल काढणार, पण पोरगं बसलं शेवटपर्यंत. शेवटी रस्त्याच्या कडेने क्रूसांची रांग, त्यातल्या एकावर स्पार्टाकस झालेला कर्क डग्लस लटकलेला, खाली उभी असलेली बायको तान्ह्या पोराला वर धरून त्याला दाखवतेय, मी नेहमीसारखा चष्मा काढून डोळे पुसतोय, आणि हा शांतपणे विचारतो, "मामा, पण हे लोक जिंकले कधी? रोमची एवढी फाटली कशाला ह्यांना?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. हा पिक्चर मी पाच-सहा वेळा तरी पाहिलाय आणि हे मला एकदाही सुचलं नव्हतं, याची थोडी लाजच वाटली. कारण पोरगं बरोबर बोलत होतं. पिक्चरमध्ये गुलाम पळतात, गाणी ऐकतात, नदीत अंघोळ करतात, म्हातारे-कोतारे आणि पोरंबाळं घेऊन समुद्राकडे चालत राहतात आणि मग एका लढाईत सगळे मरतात. मधल्या विजयांच्या बातम्या येतात त्या सेनेटमधल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातून, आपल्या डोळ्यांसमोर जवळजवळ काहीच घडत नाही. ग्लाब्रस नावाच्या सेनापतीच्या छावणीवर गुलाम रात्री हल्ला करतात, तर दिसतात फक्त जळणारे तंबू आणि बांधून आणलेला ग्लाब्रस. हल्ला होऊन गेलेला असतो.

आता खरं काय झालं ते बघा. इ.स.पू. ७३ मध्ये कापुआ गावातल्या ग्लॅडिएटर शाळेतून, म्हणजे लोकांच्या करमणुकीसाठी लढवायच्या गुलामांच्या शाळेतून, सत्तरेक माणसं पळाली. हत्यारं कसली, तर स्वयंपाकघरातले सुरे आणि मांस भाजायच्या सळया. व्हेसुव्हियसच्या डोंगरावर जाऊन बसले. रोमने तीन हजार माणसं पाठवली, त्यांनी उतरायची एकच वाट अडवली आणि म्हणाले आता मरा उपाशी. यांनी काय केलं, डोंगरावरच्या रानवेली तोडून त्यांच्या शिड्या वळल्या, पलीकडच्या तुटलेल्या कड्यावरून खाली उतरले आणि रोमन छावणीवर मागून जाऊन पडले. (आपल्याकडच्या माणसाला हे वाचताना कुठली आठवण येते ते सांगायला नको, कडा चढून जाण्याऐवजी उतरून, एवढाच फरक.) पुढच्या वर्षी रोमने दोन्ही कॉन्सल पाठवले, म्हणजे राज्यातले सगळ्यात वरचे दोन अधिकारी, आपापल्या फौजा घेऊन. दोघेही हरले. मग हे लोक इटलीच्या पार उत्तरेला मुटिनापर्यंत, म्हणजे आजच्या मोदेनापर्यंत गेले आणि तिथल्या गव्हर्नरच्या फौजेलाही झोडपलं. समोर आल्प्स, वाट मोकळी.

शेवटी क्रासस नावाचा रोमन सेनापती आठ लीजन घेऊन आला, म्हणजे कागदावर चाळीसेक हजार माणूस. त्याची एक तुकडी पहिल्याच चकमकीत हत्यारं टाकून पळाली तेव्हा त्याने एक जुनी विसरलेली शिक्षा परत बाहेर काढली, दहातल्या एकाला चिठ्ठी टाकून सगळ्यांसमोर मारायचं. आपल्याच सैनिकांना गुलामांपेक्षा जास्त आपली भीती वाटली पाहिजे म्हणून हे करावं लागलं, यावरनं समजा कुणाची किती फाटली होती. त्यानंतर त्याने इटलीच्या बुटाचं टोक आहे ना, तिथे या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत खंदक खणून भिंत घातली आणि स्पार्टाकसला आत कोंडलं. स्पार्टाकस एका बर्फवाऱ्याच्या रात्री खंदकाचा एक तुकडा माती, लाकूड, झाडाच्या फांद्या टाकून भरून काढतो आणि फौजेचा तिसरा हिस्सा घेऊन बाहेर पडतो. सांगा मला, याच्याहून मोठा सीन कुठल्या स्क्रिप्ट रायटरला सुचला असता का? फुकट मिळत होता. पिक्चरमध्ये नाही.

एक गोष्ट मला लढायांपेक्षाही जास्त आवडते. अ‍ॅपियन नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की स्पार्टाकसने लूट सगळ्यांना सारखी वाटायचा नियम केला होता, आणि व्यापाऱ्यांना छावणीत सोनं-चांदी आणायला बंदी घातली होती. फक्त लोखंड आणि तांबं विकत घ्यायचे. म्हणजे बघा, पळालेल्या गुलामांची छावणी आहे, तिच्या दाराशी व्यापारी माल घेऊन येतायत, आणि आतला माणूस सांगतोय की दागिने नकोत, लोखंड असेल तर बोला, रोख देतो. तलवारींचा कारखाना चालवत होता तो. हे डोकं नुसत्या चिडलेल्या माणसाचं नसतं, याला दोन वर्षं लढायचंय हे माहीत असलेल्या माणसाचं असतं.

पिक्चर वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, गैरसमज नको. बंड सुरू होतं तो सीन आजही बघा. त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या वारिनियाला विकून टाकलंय, तिला गाडीतून नेताना स्पार्टाकस जेवणाच्या जागेतून बघतो, मार्सेलस नावाचा ट्रेनर येऊन टोमणा मारतो, आणि दुसऱ्या क्षणाला त्याचं डोकं रटरटत्या सूपच्या भांड्यात. भाषण नाही, घोषणा नाही, म्युझिक वर चढवून तुम्हाला तयार करणं नाही. एक टोमणा जास्त झाला, बास. ज्याने कधी वर्षानुवर्षं अपमान गिळलाय त्याला हा सीन समजावून सांगायची गरज पडत नाही. किंवा ड्राबाचा सीन घ्या. वुडी स्ट्रोड हा काळा नट आधी स्पार्टाकसला सांगतो की नाव विचारू नकोस, उद्या तुला मारायची वेळ येईल. मग खरंच ती वेळ येते, स्पार्टाकस त्याच्या त्रिशूळाच्या टोकावर आहे, वर सज्जात बसलेल्या बायका मारायची वाट बघतायत आणि हा माणूस त्रिशूळ फिरवतो आणि त्या सज्जावर फेकतो, भिंत चढून जातो, आणि क्रासस बसल्या जागेवरून त्याच्या मानेत सुरा घालतो. रक्ताची चिळकांडी क्राससच्या तोंडावर. लॉरेन्स ऑलिव्हिएचा तो चेहरा, किळस आली पण घाबरला नाही असा, त्या एका शॉटमध्ये अख्खं रोम आहे. (काळा माणूस मरतो आणि गोऱ्या हिरोला त्यातून प्रेरणा मिळते, ही भानगड मात्र हॉलिवूडने पुढे इतक्या वेळा केली की आता ते बघताना अवघडल्यासारखं होतं.)

माझी तक्रार वेगळी आहे. पिक्चरने स्पार्टाकसचे विजय कापले हा झाला पहिला भाग, दुसरा त्याहून महत्त्वाचा. त्याचे हात धुऊन काढले.

शाळेतून पळाल्यावर गुलाम परत तिथे येतात तो सीन आठवतोय का? दोन रोमन उमरावांना पकडून, हातात तलवारी देऊन एकमेकांशी लढायला लावतात, सगळे हसतायत, ओरडतायत. तेवढ्यात स्पार्टाकस येतो, थांबवतो, म्हणतो मी शपथ घेतली होती की परत दोन माणसांना असं लढताना बघणार नाही, आपल्यालाही रोमनच व्हायचंय का? थिएटरात टाळ्या पडाव्यात असा सीन. आणि इतिहास काय सांगतो? स्पार्टाकसचा जोडीदार क्रिक्सस लढाईत मेला तेव्हा त्याच्या नावाने ३०० रोमन कैदी मारले असं अ‍ॅपियन सांगतो, आणि इतर काही लेखक म्हणतात की रोमन कैद्यांना चितेभोवती ग्लॅडिएटरसारखं एकमेकांशी लढवलं. म्हणजे जे केलं असं इतिहास सांगतो, बरोब्बर तेच पिक्चरने स्पार्टाकसला थांबवताना दाखवलं. चुकून झालं असेल? मला नाही वाटत. पुढे एकदा त्याने एका रोमन कैद्याला दोन्ही सैन्यांच्या मध्ये क्रूसावर चढवलं, आपल्या माणसांना दाखवायला की हरलात तर तुमचं हे होणार आहे. दुसरीकडे सॅलस्ट हा इतिहासकार सांगतो की गावं लुटताना, बायकांवर अत्याचार होताना स्पार्टाकस आपल्या माणसांना थांबवायचा प्रयत्न करत होता आणि ते ऐकत नव्हते. म्हणजे खरा माणूस हा असा होता. काही ठिकाणी थांबवणारा, काही ठिकाणी स्वतःच करणारा, काही ठिकाणी हतबल. तिन्ही एकाच माणसात. हे सगळं लिहिणारे लोकही रोमच्या बाजूचे आणि बहुतेक शे-दोनशे वर्षांनी लिहिणारे, गुलामांपैकी कुणाचा एक शब्द आपल्यापर्यंत पोचलेला नाही, हेही लक्षात ठेवायला पाहिजे. तरी मी म्हणतो, शत्रूने लिहिलेला स्पार्टाकस पिक्चरमधल्यापेक्षा जास्त जिवंत आहे.

खुद्द डायरेक्टरलाही हे खुपत होतं. स्टॅन्ले कुब्रिक तेव्हा तीस वर्षांचा होता, आधीच्या डायरेक्टरला, अँथनी मानला, शूटिंग सुरू झाल्या झाल्या काढलं म्हणून त्याला आणला, आणि नंतर आयुष्यभर तो या पिक्चरला आपलं म्हणायला तयार नसायचा. स्पार्टाकसमध्ये काही दोषच नाहीत ही त्याची कटकट होती. एका मुलाखतीत तो असंही म्हणाला होता की हा माणूस इटलीच्या उत्तर सीमेपर्यंत जिंकत गेला, आरामात बाहेर पडू शकत होता, पण परत फिरला, तो का फिरला हाच या पिक्चरला विचारता आला असता असा सगळ्यात भारी प्रश्न होता. पिक्चरमध्ये तर ते उत्तरेला जातच नाहीत! सरळ दक्षिणेला ब्रुंडिसियम बंदराकडे, चाच्यांची जहाजं पकडून घरी. आल्प्सचा प्रश्नच मिटवून टाकला.

आता शेवट बघा. पोर स्वतंत्र आहे म्हणून वारिनिया नवऱ्याला क्रूसाखालून सांगते आणि आपण रडतो. पण ते पोर स्वतंत्र झालं कसं? ग्राकस नावाच्या सेनेटरने सुटकेचा कागद करून दिला म्हणून. चार्ल्स लॉटनने काम झकास केलंय, जाडा, मिश्किल, भ्रष्ट आणि मनाने बरा असा म्हातारा, आवडतोच. पण हिशोब मांडा. दोन वर्षांचं बंड, हजारो मेलेले, आणि हातात स्वातंत्र्य पडलं ते एका चांगल्या मनाच्या रोमन माणसाच्या सहीने. बंडाने काही मिळत नाही, वरच्या माणसाला पाझर फुटला तर मिळतं, हा मेसेज कुणी मुद्दाम घातला असं मी म्हणणार नाही, पण निघतो तोच.

इथे मला स्वतःशीच थोडं भांडावं लागतं. वरच्या माणसाची मदत काही फुकट गोष्ट नसते. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' काढलं तेव्हा ते अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं ज्यांनी निग्रो गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली, आणि आपल्या देशबांधवांनी तोच कित्ता गिरवावा अशी इच्छा तिथेच लिहिली. म्हणजे ग्राकससारख्यांना बोलावणं हे काही कमीपणाचं नाही. पण अमेरिकेतली गुलामीसुद्धा नुसत्या सहीने गेली नाही, आधी चार वर्षांचं युद्ध झालं आणि त्यात पळून आलेले गुलाम स्वतः बंदूक घेऊन लढले. सही आणि बंदूक दोन्ही लागल्या. पिक्चरने बंदूक कापली आणि सही ठेवली, हे मला खटकतं.

हे का झालं असेल, याची गोष्ट पिक्चरइतकीच भारी आहे. मूळ कादंबरी हॉवर्ड फास्टची. हा कम्युनिस्ट, आणि स्पेनच्या यादवीत हुकूमशहा फ्रँकोकडून हरलेल्या निर्वासितांना मदत करणारी जी समिती होती तिच्या देणगीदारांची नावं अमेरिकन संसदेच्या कम्युनिस्ट शोधणाऱ्या चौकशी समितीला द्यायला नकार दिला म्हणून १९५० मध्ये तीन महिने तुरुंगात गेला. बाहेर आल्यावर कादंबरी लिहिली, कुणी प्रकाशक हात लावेना, १९५१ मध्ये स्वतःच छापली. स्क्रिप्ट लिहिली डाल्टन ट्रम्बोने. हा 'हॉलिवूड टेन'पैकी, म्हणजे समितीला नकार देणाऱ्या दहा सिनेमावाल्यांपैकी, यानेही समितीपुढे उत्तरं दिली नाहीत, यानेही दहा-अकरा महिने जेल भोगली, आणि मग हॉलिवूडने काळ्या यादीत टाकल्यामुळे दहाएक वर्षं खोट्या नावांनी लिहून पोट भरलं. त्यातल्या एका खोट्या नावाला १९५७ मध्ये ऑस्करही मिळालं आणि ते घ्यायला स्टेजवर यायला माणूसच अस्तित्वात नव्हता! 'स्पार्टाकस'ही तो आधी सॅम जॅक्सन नावाने लिहीत होता. शेवटी पडद्यावर ट्रम्बोचं खरं नाव आलं, निवृत्त सैनिकांच्या संघटनेने थिएटरबाहेर निदर्शनं केली, आणि १९६१ मध्ये नवा कोरा प्रेसिडेंट केनेडी त्या निदर्शकांना ओलांडून पिक्चर बघायला गेला.

ते सगळे गुलाम एकेक करून उठतात आणि 'मीच स्पार्टाकस' म्हणतात तो सीन या पार्श्वभूमीवर बघितला की अंगावर काटा येतो. रोमन म्हणतात नाव सांगा, जीव वाचवा. चौकशी समिती हेच म्हणत होती. (आणि त्या गर्जनेसाठी आवाज रेकॉर्ड केला मिशिगनमध्ये फुटबॉलची मॅच बघायला आलेल्या ७६ हजार पब्लिकचा, सगळ्यांना ओरडायला लावून. कुठला सेट, कुठलं स्टेडियम, ऐकताना पत्तासुद्धा लागत नाही.)

पण हिंमत तिथपर्यंतच. ट्रम्बोने आपल्या टिपणांमध्ये 'मोठा स्पार्टाकस' आणि 'छोटा स्पार्टाकस' असा फरक केला होता. मोठा म्हणजे ज्याच्या बंडाने रोम हादरलं तो, छोटा म्हणजे जेल फोडून समुद्राकडे पळणारा. ट्रम्बोला मोठा हवा होता. कापाकापी होऊन रिलीज झाला त्यात छोटाच जास्त उरला. शीतयुद्ध चालू आहे, लेखक जेलमधून आलेला, कादंबरीकार कम्युनिस्ट, बारा मिलियन डॉलर लागलेत, आणि वर गुलामांची फौज सरकारी फौजेला पुन्हा पुन्हा हरवतेय असं दाखवायचं? स्टुडिओवाला घाबरला तर मला तो कळतो. हरून मरणारा बंडखोर कुणालाही परवडतो, जिंकणारा परवडत नाही.

आणि सगळ्यात कडू विनोद पुढे आहे. शेवटच्या लढाईत रोमन सैन्य लांबच्या टेकडीवरून चौकोन चौकोन करत उतरतं, बुद्धिबळाच्या पटासारखं, कॅमेरा पार दूर, कुणी बोलत नाही, नुसती ती शिस्त बघूनच पोटात गोळा येतो. ते हजारो रोमन सैनिक कोण होते? स्पेनमध्ये शूटिंग झालं, आणि ते फ्रँकोच्या लष्करातले खरे सैनिक होते, सुमारे आठ हजार. म्हणजे ज्या फ्रँकोपासून पळालेल्यांना मदत केली म्हणून कादंबरीचा लेखक जेलमध्ये गेला, त्याच फ्रँकोचं लष्कर भाड्याने घेऊन त्याचाच हिरो मारला. आणि ते जे काही शिस्तीत चालतायत ना, ते अ‍ॅक्टिंग वाटत नाही.

बरं, माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप मला माहीत आहेत. एक म्हणजे पिक्चर हा इतिहासाचा तास नाही, सव्वातीन तासांत सगळं कसं बसवणार. मान्य, पण मग त्या नदीतल्या अंघोळीला, त्या चांदण्यातल्या संवादांना, सेनेटमधल्या टोमणेबाजीला वेळ होता की. काय ठेवलं आणि काय कापलं यावरूनच तर लेखकाचं, स्टुडिओचं मन कळतं. शिवाय तो सुरुवातीचा निवेदक ऐका, ठणकावून सांगतो की पुढे ख्रिस्ती धर्माने रोमची जुलमी सत्ता उलथून नवा समाज आणला. अहो, रोम ख्रिस्ती झाल्यावरही गुलामी शतकानुशतकं आरामात चालू होती! हे ठोकून द्यायला वेळ मिळतो आणि वेलीच्या शिड्यांना मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. ३०० कैदी मारणारा हिरो दाखवला तर प्रेक्षकाला त्याच्याबद्दल काही वाटणार नाही, मग गुलामांचं दुःख कसं पोचणार? याच्यावर मी बरेच दिवस विचार केला. आणि मला वाटतं की दुखणं नेमकं इथेच आहे, पिक्चरमध्ये कमी आणि आपल्यात जास्त. ज्याला जन्मभर जनावरासारखं वागवलं त्याने सुटल्यावर पहिल्या दिवसापासून संतासारखं वागावं, तरच त्याचं बंड आम्हाला मान्य, ही अट आपण घालतो कुठल्या तोंडाने? रोमचा कायदा काय होता माहितीये? घरातल्या एका गुलामाने मालकाला मारलं तर त्या छपराखालचे सगळे गुलाम मारायचे. इ.स. ६१ मध्ये पेडॅनियस नावाच्या एका बड्या अधिकाऱ्याचा खून झाला तेव्हा त्याच्या घरातले ४०० गुलाम मारले, त्यात बायका होत्या, पोरं होती, रोममधली साधी माणसं रस्त्यावर उतरून दगड घेऊन विरोध करत होती, तरी सेनेटने शिक्षा कायम ठेवली आणि सम्राट नीरोने सैनिक लावून ती पुरी केली. हे टॅसिटसने लिहून ठेवलंय. या कायद्याला आपण 'त्या काळची पद्धत' म्हणतो आणि पुढे सरकतो. स्पार्टाकसच्या ३०० ला मात्र आपण अडखळतो. सूड चांगला असतो असं मी म्हणत नाहीये, ते कैदी बिचारे साधे शिपाईच असणार, त्यांच्याही घरी आया असतील. पण त्यांची कत्तल दाखवूनसुद्धा बंड न्याय्य होतं असं सांगता येतं, अवघड असतं एवढंच. ते अवघड काम टाळलं की गोष्ट सोपी होते आणि स्पार्टाकस पुतळा होतो.

हैतीचं बघा ना. १७९१ ला गुलामांचं बंड सुरू झालं, १८०४ ला स्वतंत्र देश. बंड करून गुलामांनी स्वतःचं राष्ट्र उभं केल्याचं जगातलं हे एकमेव उदाहरण. नेपोलियनने पाठवलेली फौज हरवली त्यांनी! त्यांचा पुढारी तुसॅं लुव्हेर्तुर याला लोक काळा स्पार्टाकस म्हणत. मग स्वातंत्र्यानंतर तिथे उरलेल्या गोऱ्यांची कत्तल झाली, भयंकर झाली. आणि १८२५ मध्ये फ्रान्सने किनाऱ्यावर युद्धनौका आणून उभ्या केल्या आणि १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली, म्हणजे गुलामांनी स्वतःच्या सुटकेची किंमत जुन्या मालकांना चुकवायची. ते कर्ज फेडता फेडता पिढ्या गेल्या. एवढी मोठी गोष्ट आहे, त्यावर या तोडीचा, या बजेटचा हॉलिवूडचा पिक्चर मला तरी आठवत नाही. हरलेल्या स्पार्टाकसवर बारा मिलियन, जिंकलेल्या हैतीवर शांतता.

क्रूसाचंही तेच. प्लुटार्क आणि अ‍ॅपियन या दोन इतिहासकारांचं लिहिणं जोडून वाचलं तर कळतं की स्पार्टाकस शेवटच्या लढाईत लढत मेला, क्राससपर्यंत पोचायला बघत होता, पायाला जखम झाल्यावर गुडघ्यावर बसून लढला, आणि त्याचं प्रेत सापडलंच नाही. क्रूसावर चढवले ते पकडलेले सहा हजार, कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर, अंतराचा हिशोब केला तर साधारण दर तीस-पस्तीस मीटरला एक. त्या सहा हजारांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. पिक्चरने त्यांच्यातला एक क्रूस घेतला आणि हिरोला देऊन टाकला.

असो. तर भाचा. दुसऱ्या दिवशी जेवताना मी त्याला हे सगळं सांगितलं, वेली, खंदक, लोखंड विकत घेणं, सगळं. मग घोड्याची गोष्ट सांगितली, ती प्लुटार्कमध्ये आहे. शेवटच्या लढाईआधी स्पार्टाकसचा घोडा आणून उभा केला तर त्याने तलवार काढून त्याला मारून टाकलं, म्हणाला जिंकलो तर शत्रूचे पाहिजे तेवढे घोडे मिळतील आणि हरलो तर घोडा लागणारच नाही. पोरगं खायचं थांबलं. मग म्हणालं, "बरं, पण आल्प्सपर्यंत जाऊन ते परत का आले?"

मी म्हटलं, कोणी म्हणतं लुटीची चटक लागली होती, कोणी म्हणतं अर्ध्याहून जास्त जण इटलीतच जन्मले-वाढले असतील, त्यांना पलीकडे कुठलं घर? कोणी म्हणतं सारखं जिंकून जिंकून त्यांना वाटायला लागलं की रोमच घेऊ. तो म्हणाला, "तिसरं असेल तर भारीये. तो पिक्चर लाव ना." मी म्हटलं, तो काढलाच नाही रे कुणी, ताक घे अजून.